कुंकू खाणारी काच

दोन हजार तेवीस साल. माझं वय तेव्हा बहात्तर, आणि त्या वयात मला पहिल्यांदा कळलं की आपल्याच धंद्यातलं आपल्याला काही उमगलेलं नाही. अजूनही पुरतं उमगलेलं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. अंकवाले म्हणाले, "तात्या, फोटोच्या धंद्यातले अनुभव लिहा, पण जन्मापासून सुरुवात करू नका." बरं झालं. जन्माचं मला आठवत नाही, आणि शाळेचं लिहायचं तर चौथीपर्यंतच मजकूर आहे. म्हणून काचांबद्दल लिहितो. शुद्धलेखन त्यांनी सुधारावं. मजकुराला हात लावू नये.

काच म्हणजे फिल्टर. कॅमेऱ्याच्या भिंगापुढं आटे फिरवून बसवायची गोल चकती. महाडच्या बाजारपेठेत माझा स्टुडिओ होता तेव्हापासून आम्ही तिला काचच म्हणत आलो. पुराचं पाणी स्टुडिओत शिरलं तेव्हा पडदे गेले, खुर्च्या गेल्या, पाठीमागचा रंगवलेला बगीचा गेला. काचांचा डबा माळ्यावर होता तो वाचला. नंतर मी स्टुडिओ उघडला नाही. डबा मात्र घरी आहे. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि एकेक काच बायकोच्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेली.

लोकांना वाटतं काच लावली की फोटो चांगला येतो. तसं नसतं. काच काहीतरी खाते आणि बाकीचं तुमच्यापुढं ठेवते. काय खायला घालायचं एवढं फोटोवाल्याला कळलं पाहिजे. ट्यूबलाइटखाली रंगीत रोलात वऱ्हाडी हिरवे यायचे, सगळं लग्न आजारी दिसायचं. त्याला एक गुलाबी काच असायची, ती हिरवं खायची. एक चांदणीची काच होती, तिच्यावर बारीक रेघा कोरलेल्या. समोर दिवा आला की त्याला चार टोकं फुटायची. एका लग्नात नवरीच्या नथीलाच अशी चांदणी फुटली की शेजारचा नवरा दिसेना. नवरीकडच्यांनी तोच फोटो मोठा करून घेतला. नवऱ्याकडचे माझ्याशी अजून बोलत नाहीत.

पाचाडला एक खानावळवाला होता. त्याला पाटीसाठी गडाचा फोटो पाहिजे होता आणि गड धुक्यात. मला म्हणतो, "धुकं काढायची काच लावा." मी म्हटलं, तसली काच कुठल्या दुकानात मिळत नाही. माझ्याकडं एक गोल फिरणारी काच होती, ती पाण्यावरची चकाकी मारते आणि आभाळ गडद करते. ती लावून त्याला बघायला दिली. तो म्हणाला, "आणखी फिरवा, निघल." मी फिरवत बसलो. धुकं दुपारी आपलं आपण गेलं. तो गिऱ्हाइकांना आजही सांगतो की तात्याच्या काचेनं काढलं. मी नाही म्हणत नाही.

आणि वरंध घाटात सिनेमावाले आले होते तेव्हा मी एक करडी काच पाहिली. रंग कुठलाच नाही, नुसता उजेड कमी करते. कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवता यावा आणि धबधब्याचं पाणी दुधासारखं दिसावं म्हणून ते लावत होते. उजेड कमी करायला काच विकत घ्यायची हे मला पटेना. मी त्यांच्या कॅमेरावाल्याशी वाद घातला. पुढच्या महिन्यात मुंबईहून तीच मागवली.

पण हे सगळं सोपं. खरा घोळ काळ्यापांढऱ्या रोलाचा. तिथं रंग नसतातच, तरी काचा रंगीत लावायच्या. आता हे नीट ऐका, कारण पुढं सगळं ह्याच्यावर आहे. काच म्हणजे गावच्या वेशीवर बसलेला राखणदार समजा. आपल्या रंगाच्या माणसाला तो आत सोडतो, परक्याला अडवतो. आत गेलेलं फोटोत पांढरं पडतं, अडवलेलं काळं होतं. आभाळ निळं. पिवळी काच लावली की निळं थोडं अडतं, आभाळ जरा काळवंडतं, ढग उठून दिसतात. लाल काच लावली तर निळं पुरतं अडतं. आभाळ शाईसारखं आणि ढग कापसासारखे. माझे गडाचे फोटो लोक आजही वाखाणतात ते सगळे लाल काचेचे. माणसांना मी आयुष्यभर पिवळीच लावली. का, ते विचारू नका. उस्तादानं सांगितलं, मी ऐकलं.

आता शिवरामचं सांगतो.

शिवराम माझा जुना दोस्त. पोलादपूर तालुक्यात उमरठच्या वर त्याची वाडी. तरुणपणी गडावर जाताना माझी कॅमेऱ्याची तिपाई खांद्यावर घ्यायचा आणि वाटभर माझ्या फोटोंना नावं ठेवायचा. त्याचा मुलगा प्रकाश मुंबईला नोकरीत, त्यानं बदलापूरला नवीन जागा घेतली. त्या जागेच्या भिंतीला त्याला आईबापाचा जुन्या पद्धतीचा काळापांढरा फोटो पाहिजे होता. आता तशी फॅशन आहे म्हणे. रोल त्यानंच आणून दिला. पण फोटोचा दिवस ठरला आणि शिवरामच्या छातीत कळ आली. त्याला मुंबईला दवाखान्यात नेलं. प्रकाशचा फोन आला, "काका, तुम्ही आईचा तरी काढून ठेवा. बाबांना दाखवतो, त्यांना बरं वाटेल."

मी गेलो. गणपती होऊन गेले होते, भात पोटरीला आलं होतं. सुंदरा वहिनी, म्हणजे शिवरामची बायको, हिरवं लुगडं नेसून बांधावरच्या दगडावर बसल्या. नवरा दवाखान्यात म्हणून कुंकू नेहमीपेक्षा मोठं लावलेलं, बंद्या रुपयाएवढं. मी पिवळी काच लावली आणि वर पाहिलं. मागं डोंगर आणि डोंगरावर असे ढग, असे ढग, की मी पिवळी काढली आणि लाल लावली. कुठल्याही फोटोवाल्यानं तेच केलं असतं.

रोल मी घरीच धुतो. मोरीला काळा पडदा लावला की झाली डार्करूम. फोटो निघाला तेव्हा मी स्वतःवर खूश झालो. ढग तर होतेच, पण वहिनींचं तोंडही उजळ आलेलं, सुरकुत्या विरलेल्या, वीस वर्षांनी लहान. बाकी मला काही दिसलं नाही. खरंच दिसलं नाही. फोनवर त्याचा फोटो काढून प्रकाशला पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. दुसऱ्या दिवशी एसटीनं पोलादपूर आणि पुढं रिक्षानं वाडीवर, फोटो हातात घेऊन.

ओटीवर वहिनी होत्या आणि त्यांची धाकटी जाऊ वच्छी. वच्छीची जीभ सगळ्या वाडीला माहीत. वहिनींनी फोटो घेतला, लांब धरला, जवळ धरला. वच्छी मागनं डोकावली.

"गो बाय! कुकू कुठं हाय?"

मी म्हटलं, "असेल की. बघ नीट."

"तुमीच बगा. डोंगर हाय, ढग हाय, माझ्या शेळीचं शेपूटबी हाय. कुकू नाय."

मी पाहिलं. कपाळ स्वच्छ. कुणी पदरानं पुसून काढावं तसं. लाल काचेनं लाल सगळं आत सोडलं होतं आणि कुंकू कपाळात मिसळून गेलं होतं. हे मी आता लिहितो. तेव्हा माझं डोकं चालेना. मी फोटो उन्हात नेला, सावलीत आणला, चष्मा पुसला.

वहिनी खाली बसल्या. "भावजी, त्यांच्या छातीत परवा तार घालनार हायेत. आनि तुमी माझं कपाळ पुसून आनलंत."

"वहिनी, ही काच..."

"काचचं मला सांगू नका. माझ्या कपाळावर माझं कुकू आना. तवर मी अन्नाला शिवनार नाय."

"अगं पण डायबेटीस..." वच्छी म्हणाली.

"डायबेटीस मला हाय. तुला नाय."

आणि खरंच त्यांनी समोरचा चहा कोंबड्यांच्या बाजूला ओतला. मी निघेपर्यंत प्रकाशचा फोन. "काका, काय करून ठेवलंत? आई जेवत नाही म्हणते. बाबांना हे कळलं तर?" मी त्याला म्हटलं, तूच अंगठा पाठवला होतास. तरी माझं समाधान झालं नाही. शिवरामच्या छातीत तार जाणार आणि इकडं ही बाई उपाशी, साखरेची गोळी घेऊन. काही झालं असतं तर ते माझ्या फोटोवर आलं असतं, आणि मला तर मी काय केलं हेच कळत नव्हतं.

घरी आलो आणि डबा काढला. बायकोला म्हटलं, "बस इथं खिडकीत. सगळ्या काचा लावून बघतो, कुंकवाचं काय होतं ते."

ती बसली. बिनकाचेचा एक काढला, पिवळीचा एक, हिरवीचा एक. लाल हातात घेतली तशी ती उठली.

"त्या काचेपुढं मी नाही बसायची."

"का? तुला काय ठाऊक तिचं?"

"मला नाही तर कुणाला? तुमच्या डार्करूममध्ये तोच दिवा ना? त्या लाल दिव्यात बाईचं कपाळ मोकळं दिसतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी चहा घेऊन आत आले होते. तुम्ही वर पाहिलं नाहीत. सासूबाई मागं होत्या, त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, दिवा लागलेला असला की आत पाय टाकायचा नाही."

मी थक्क झालो. जन्मभर चहा डार्करूमच्या दाराबाहेर यायचा. कडी वाजायची आणि कप जमिनीवर. मला वाटायचं हिला औषधांचा वास सहन होत नाही.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

आता सांगा. जन्म लाल दिव्याखाली गेला, लाल काच जन्मभर वापरली, आणि दोन्हीचा जोड मला कधी लागला नाही. घरात बसलेल्या बाईला लागला होता. पण मीही हट्टी माणूस. म्हटलं, ते जाऊ दे, कुंकू आणायचं म्हणजे आणायचं.

रोल धुतला. बिनकाचेच्या फोटोत कुंकू करडं. पिवळीच्या फोटोत त्याहून फिकं. हिरव्या काचेनं लाल अडवलं, त्यामुळं तिथं ते चांगलं काळंभोर, ठसठशीत. मला वाटलं जिंकलो. वहिनींना दाखवायचं, कुठलं पाहिजे ते विचारायचं आणि त्या काचेनं परत फोटो काढायचा. तिन्ही फोटो घेऊन मी तार घालायच्या दिवशी सकाळीच वाडीवर पोहोचलो.

वहिनींचे ओठ सुकलेले. वच्छी म्हणाली, पाणी घेते, दुसरं काही नाही. मुंबईहून फोन यायचा होता. सगळ्यांचं लक्ष वच्छीच्या फोनकडं, तो मधोमध सुपात ठेवलेला.

मी तीन फोटो मांडले. लुगड्याच्या दुकानात मांडतात तसे.

"ही तुमच्या घरची काय?" वच्छी म्हणाली. "महाडच्या पान्यानं बाई चांगलीच भरलीय."

"तू कुंकू बघ."

वहिनींनी करडं पाहिलं. "ही राख हाय." हिरव्या काचेचं पाहिलं, आणि फोटो पालथाच घातला. "हा बुक्का. नवरा गेलेल्या बायका लावतात तसलं. मला हे लावताय व्हय?"

"वहिनी, काळ्यापांढऱ्यात लाल येत नाही. ते काळंच येतं. पहिल्यापासून काळंच येतं."

"येतं."

"नाही येत."

"येतं!" त्यांनी भिंतीकडं बोट केलं. त्यांच्या लग्नाचा फोटो, माझ्या उस्तादानं काढलेला. शिवराम ताठ, वहिनी बाजूला, त्यांच्या कपाळावर मळवट. मी जवळ गेलो. स्वच्छ काळा मळवट.

"काळं हाय, वहिनी."

"लाल हाय."

"अहो, काळं..."

"माझ्या लग्नात मी होते की तुमी?"

मी परत पाहिलं. आणि खोटं सांगत नाही, क्षणभर मलाही ते लाल दिसलं. तो फोटो मी शंभरदा पाहिलाय, आणि मला नेहमी ते लालच वाटलेलं आहे. मग हिरव्या काचेचं काळं का वाटतं? दोन्ही एकच काळं. रंगीत फोटो आले तेव्हापासून आमचे डोळे बिघडले, की आधी बिघडलेले होते आणि आता सुधारले? मी तिथं भिंतीपुढं उभा राहिलो आणि मला घराबाहेर कसं पडायचं तेही सुचेना.

वच्छीला सुचलं. देवापुढचा करंडा घेऊन आली, बोट बुडवलं, आणि पहिल्या फोटोच्या मोकळ्या कपाळाकडं नेलं. "हे घ्या. लावून टाकू खरंच. येवडं काय?"

वहिनींनी तिचा हात धरला तो मोडेल असा. "जित्या मानसाच्या फोटोला कुकू लावतंस? भिताडावर माझ्या सासूच्या फोटोला लावतो आपन, दिसत नाय? मला हार पन घाल मंग!"

वच्छी घाबरली. तिनं बोट पदराला पुसलं. फोटोला कुंकू नाही तरी वाईट, आणि लावलं तर त्याहून वाईट. काळं नको, करडं नको. माझ्या डब्यात आणखी कुठली काच नव्हती. जगात नसेल.

तेवढ्यात सुपातला फोन वाजला.

प्रकाश होता. तार घातली, आत फुगा फुगवला, सगळं ठीक आहे. वच्छी रडायलाच लागली. मग पडद्यावर शिवराम आला, उशीवर डोकं, नाकाला नळी, दाढी वाढलेली.

"ठीक हाय मी. फुगा घातलाय म्हनतात छातीत. जत्रेतला." धाप लागली, थांबला. "तात्या हाय का थितं?"

"हाय रे."

"तुझा फोटो दाखवला काल परकाशनं."

वहिनींनी पदर कपाळावर ओढला. शिवरामनं नाकाची नळी सारखी केली. मग म्हणाला, "तात्या, तू कुठं होतास रे?"

"म्हणजे?"

"ही सकाळी न्हाऊन येते. केस वले. कपाळ धुतलेलं. मंग आरशाम्होरं जाऊन कुकू लावते. न्हानी ते आरसा, येवडाच येळ. ते तोंड माझ्याबिगर कुनी बघितलेलं नाय. तुला कसं गावलं?"

मी म्हणालो, "काचेनं खाल्लं रे कुंकू. लाल काच होती."

"काच बीच मला सांगू नको. चोरून बघितलंस." आणि हसला, हसताना खोकला आला, मागनं कुणीतरी नर्सबाई ओरडली. "सुंदरे, आयकतंस ना? तोच फोटो भिताडाला लाव. मी येतंय."

वहिनी पदर तोंडात कोंबून वळल्या. खांदे हलत होते. मला वाटलं रडतायत. परत वळल्या तेव्हा कान लाल झालेले. ते मात्र मला नीट दिसलं, काच नसताना.

"ह्या वयात शोभतं का बोलनं," त्या म्हणाल्या. "पोराम्होरं, जावेम्होरं." आणि मग, "वच्छे, भाकरी हाय का गो?"

वच्छीनं भाकरी आणली, पेजेवरचं लोणचं आणलं. वहिनींनी तिथंच ओटीवर बसून खाल्लं. मला वाढलं. जेवताना मी विचारलं, "मग कुठला लावायचा भिंतीला?"

"भिताडाला कुठलाच नाय. ते आले की दोघांचा रंगीत काढा." मोकळ्या कपाळाचा फोटो त्यांनी पुसला, लुगड्यांच्या पेटीत तळाशी ठेवला आणि पेटीला कडी घातली. "हा त्यांचा. त्यांनी उघडावा."

परतीच्या एसटीत मी डोकं धरून बसलो. ह्यात माझी काच चुकली की बरोबर आली? मी कुंकू घालवलं म्हणून बाई उपाशी राहिली, आणि घालवलं म्हणूनच शिवराम हसला. चांगला फोटो म्हणावा तर भिंतीला लागला नाही. वाईट म्हणावा तर पेटीत लुगड्यांखाली गेला. शिवराम नंतर घरी आला, त्यांचा दोघांचा रंगीत फोटो मी काढला, तो बदलापूरला आहे. कुंकू लाल आहे. कुणी त्याबद्दल एक शब्द बोललेलं नाही.

पण त्या एसटीत माझ्या डोक्यात दुसरंच होतं. न्हाणी ते आरसा. माझ्या घरातही न्हाणी आहे, आरसा आहे. स्टुडिओमुळं मी उशिरा उठणारा. चहा येईस्तोवर हिची आंघोळ, देवपूजा, सगळं झालेलं असायचं. नवऱ्यामुलांचे, नवरीमुलींचे, साहेबांचे, मेलेल्यांचे, सगळ्या तालुक्याचे चेहरे मी भिंगातून बघितले. आणि हिचं ते तोंड? डार्करूममध्ये एकदा आलं होतं, तेव्हा मी वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या आधी उठलो. अंधूक उजाडलं होतं. मोरीशेजारी पाटावर जाऊन बसलो. ती बाहेर आली, केसांना पंचा गुंडाळलेला, मला बघून दचकली.

"बरं नाही का?"

"बरं आहे."

ती आरशाकडं गेली. करंडा उघडला, बोट आत नेलं.

"थांब जरा," मी म्हणालो.

"आता काय? कॅमेरा आणताय?"

"नाही."

ती थांबली. बोट कुंकवात, तोंड माझ्याकडं. ओलं, उघडं कपाळ, मधोमध फिकट गोल, इतक्या वर्षांच्या कुंकवानं पडलेला. मी बघत राहिलो.

"झालं बघून?"

"नाही," मी म्हणालो.

त्या दिवशी चहाला उशीर झाला.